रिझर्व्ह मनी मोजतात कसा, आणि सीआरआर कापला की तो कमी का दिसतो

आमच्या इथे सुदामा नगरमधली ओळखीतली एक मुलगी आरबीआय ग्रेड बी ची तयारी करतेय, तिने परवा व्हॉट्सअ‍ॅपवर दोन प्रश्न पाठवले. पहिला असा, की "काका, पुस्तकात मॉनेटरी बेस (म्हणजेच रिझर्व्ह मनी) म्हणजे लोकांकडची कॅश अधिक बँकांचे रिझर्व्ह असं दिलंय आणि रिझर्व्हमध्ये बँकेच्या तिजोरीतली कॅशही धरलीय, पण आरबीआयच्या तक्त्यात करन्सी इन सर्क्युलेशन, बँकर्स डिपॉझिट्स आणि अदर डिपॉझिट्स एवढे तीनच कॉलम आहेत, मग बँकेची कॅश गेली कुठे, का दोनदा मोजली?" दुसरा असा, की "सीआरआर, म्हणजे बँकांनी रिझर्व्ह बँकेत सक्तीने ठेवायचा हिस्सा, कमी केला की लिक्विडिटी (बँकांकडचा मोकळा पैसा) वाढते असं सगळे म्हणतात, पण तक्त्यात तर त्या काळात रिझर्व्ह मनीची वाढ उलट घटलेली दिसते, हे कसं?" दोन्ही प्रश्न फार चांगले आहेत, दुसरा तर बँकेत पंचवीस वर्षं काढलेल्या लोकांनाही पटकन सांगता येत नाही, म्हणून व्हॉइस नोट न पाठवता सविस्तर लिहितोय, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

बेटा, मी नोकरीतली बरीच वर्षं इंदूरमध्ये करन्सी चेस्टला जॉइंट कस्टोडियन होतो, नंतर काही वर्षं बँकेच्या ट्रेझरीत सीआरआरचं काम बघितलं, त्यामुळे मी हे चेस्टच्या दारापासूनच समजावतो, मला स्वतःला तिथेच समजलं होतं.

करन्सी चेस्ट म्हणजे काय हे आधी नीट बघ. ती स्ट्रॉंगरूम आमच्या बँकेच्या इमारतीत, गार्ड आमचे, किल्ल्या आमच्या दोन अधिकाऱ्यांकडे, पण आतला माल आमचा नाही, तो रिझर्व्ह बँकेचा. त्याच शाखेत चेस्टच्या बाहेर कॅशियरची जी कॅश असते, ज्याला आम्ही हँड बॅलन्स म्हणतो, ती मात्र बँकेची. आता समज संध्याकाळी काउंटर बंद झाला, सियागंजच्या आणि कपडा मार्केटच्या व्यापाऱ्यांनी दिवसभर भरलेली कॅश मशीनवर मोजून झाली, पाचशेच्या नोटांचं एक बंडल बांधून तयार आहे. शंभर नोटांची एक गड्डी, दहा गड्ड्यांचं एक बंडल, म्हणजे हजार नोटा, पाच लाख रुपये. हे बंडल आम्ही त्या लोखंडी दारातून आत नेलं, बिनमध्ये रचलं, बिन कार्डवर एंट्री केली, दोघांनी सह्या केल्या आणि रिझर्व्ह बँकेला डिपॉझिट म्हणून रिपोर्ट केलं. त्या क्षणी काय झालं? ते पाच लाख चलनातून बाहेर गेले, करन्सी इन सर्क्युलेशन पाच लाखांनी कमी झालं, आणि आमच्या बँकेच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात पाच लाख जमा झाले, म्हणजे बँकर्स डिपॉझिट्स पाच लाखांनी वाढले. सकाळी तेच बंडल एटीएम भरायला बाहेर काढलं की बरोबर उलटं. नोट फक्त आठ-दहा फूट हलली, पण तक्त्यातल्या दोन ओळी बदलल्या, आणि रिझर्व्ह मनीची बेरीज जागच्या जागी.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. चेस्टच्या दाराबाहेर जी नोट आहे ती आरबीआयच्या लेखी सर्क्युलेशनमध्ये, मग ती रामबागेतल्या आजीच्या स्टीलच्या डब्यात असो, एटीएमच्या कॅसेटमध्ये असो नाहीतर कॅशियरच्या पेटीत. म्हणजे बँकेची कॅश गेली कुठेच नाही, ती करन्सी इन सर्क्युलेशनच्या पोटात आहे. त्यातून बँकांकडची कॅश वजा केली की करन्सी विथ द पब्लिक मिळतं आणि एम वन, एम थ्री (लोकांकडची कॅश आणि ठेवी मोजायची मापं) काढताना ते वापरतात, कारण तिथे फक्त लोकांच्या हातातला पैसा मोजायचा असतो. तुझ्या पुस्तकातल्या फॉर्म्युलाने बँकेची कॅश उचलून रिझर्व्हच्या बाजूला ठेवली, आरबीआयने ती चलनाच्या बाजूला ठेवली, अदर डिपॉझिट्स म्हणून इतर संस्थांच्या आरबीआयमधल्या ठेवींची जी छोटी ओळ आहे ती सोडली तर बेरीज तीच येते. दोनदा काही मोजलं जात नाही.

पुस्तकात ती रिझर्व्हच्या बाजूला का, तर तो फॉर्म्युला अमेरिकेतून आलाय आणि तिकडे तिजोरीतली कॅश रिझर्व्ह रिक्वायरमेंट पूर्ण करायला चालायची. आपल्याकडे तसं नाही. सीआरआर फक्त रिझर्व्ह बँकेतल्या बॅलन्सनेच भरतो, शाखेतली कॅश एसएलआरमध्ये (बँकेने रोख, सोनं, सरकारी रोखे अशात ठेवायचा दुसरा सक्तीचा हिस्सा) धरतात पण सीआरआरमध्ये नाही. म्हणून तर आमच्यावर रोज प्रेशर असायचं, की हँड बॅलन्स कमीत कमी ठेवा आणि शक्य तेवढं चेस्टमध्ये टाका, कारण पेटीत पडलेली कॅश सीआरआरच्या कामाची नाही आणि चेस्टमध्ये गेलेली त्याच दिवशी कामाला येते. चेस्टमध्ये टाकायची किंवा काढायची रक्कमही वाटेल ती चालत नाही, किमान एक लाख आणि पुढे पन्नास हजारांच्या पटीत, त्यामुळे थोडी सुटी कॅश नेहमी बाहेर उरतेच.

हे रिपोर्टिंग किती महत्त्वाचं असतं त्याचा एक अनुभव सांगतो. बँक रेट, म्हणजे आरबीआयचा जो दर धरून दंडव्याज लावतात तो, ६ टक्के होता तेव्हाची गोष्ट आहे. एका संध्याकाळी आमच्याकडून दोन कोटींचा विड्रॉवल चुकून डिपॉझिट म्हणून रिपोर्ट झाला. एंट्री करणारा मुलगा नवा होता, पण चेकिंग करून पाठवायची जबाबदारी माझी होती आणि मी ते बघितलं नाही. आता हिशेब बघ, आमच्या खात्यातून दोन कोटी वजा व्हायला हवे होते त्याऐवजी दोन कोटी जमा झाले, म्हणजे चार कोटींचं क्रेडिट बँकेला हक्क नसताना मिळालं. दुसऱ्या दिवशी बिन कार्ड आणि रजिस्टर ताडताना लक्षात आलं, आम्हीच कळवून दुरुस्ती केली, पण पीनल इंटरेस्ट लागलाच, बँक रेट अधिक २ टक्के, म्हणजे ८ टक्क्यांनी चार कोटींवर एका दिवसाचे पावणेनऊ हजारांच्या आसपास. रक्कम फार मोठी नव्हती पण मला त्या रात्री झोप आली नाही, आणि त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली: त्या दिवशीच्या रिझर्व्ह मनीच्या बेरजेत आमची चूक दिसलीच नसती. चलन चार कोटींनी कमी दाखवलं गेलं, बँकर्स डिपॉझिट्स चार कोटींनी जास्त, बेरीज तेवढीच. म्हणून मी तुला सांगतो, की नुसती बेरीज बघून काही ठरवू नकोस, आतल्या ओळी बघ.

आता बँकर्स डिपॉझिट्सकडे येऊ, हाच खरा बँक रिझर्व्हचा आकडा. आरबीआय कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे शेड्युल्ड बँकेने आपल्या एनडीटीएलच्या ठरावीक टक्के रक्कम रिझर्व्ह बँकेत ठेवायची. एनडीटीएल म्हणजे लोकांच्या मागणी आणि मुदत ठेवी वगैरे मिळून नेट देणं, नेट अशासाठी की बँकांची एकमेकांमधली देणी-घेणी त्यातून काढून टाकतात. १९३५ साली हे डिमांड लायबिलिटीच्या ५ टक्के आणि टाइम लायबिलिटीच्या २ टक्के असं वेगवेगळं होतं, १९६२ मध्ये एकच दर आला. मी नोकरीला होतो तेव्हा १९८९ ला तो १५ टक्क्यांवर गेलेला बघितलाय, विचार कर, शंभर रुपयांची ठेव आली की पंधरा सरळ रिझर्व्ह बँकेत. आज तो ३ टक्के आहे.

मोजायची पद्धत मात्र मजेदार आहे आणि परीक्षेत इथे गडबड होते. दोन वेगवेगळ्या तारखा असतात. किती ठेवायचं हे मागच्या एका ठरावीक दिवसाच्या एनडीटीएलवरून ठरतं, आमच्या वेळी दोन पंधरवडे आधीच्या रिपोर्टिंग फ्रायडेचा आकडा धरायचे, म्हणजे पंधरवडा सुरू होताना बँकेला नेमकं टार्गेट माहीत असतं. आणि ठेवलं का नाही हे त्या पंधरवड्याच्या रोजच्या बॅलन्सच्या सरासरीवरून बघतात. पंधरवडा पूर्वी शनिवार ते पुढच्याच्या पुढचा शुक्रवार असा चौदा दिवसांचा असायचा, २०२५ च्या कायद्यातल्या दुरुस्तीने तो महिन्याच्या १ ते १५ आणि १६ ते महिनाअखेर असा केलाय.

एक हिशेब करू. समज एका बँकेचं एनडीटीएल एक लाख कोटी आहे, सीआरआर ३ टक्के, म्हणजे रोज सरासरी ३,००० कोटी ठेवायचे. पंधरा दिवसांचं प्रॉडक्ट (आम्ही बॅलन्स गुणिले दिवस याला प्रॉडक्ट म्हणतो) झालं ४५,००० कोटी. कोणत्याही दिवशी ९० टक्क्यांच्या खाली जाता येत नाही, म्हणजे २,७०० कोटी ही रोजची फरशी. आता ट्रेझरीवाल्याने पहिले दहा दिवस फरशीवरच काढले तर प्रॉडक्ट झालं २७,००० कोटी, उरलेल्या पाच दिवसांत १८,००० कोटी भरायला रोज ३,६०० लागणार. कॉल मार्केटमध्ये, जिथे बँका एकमेकांना एका रात्रीसाठी उसने देतात तिथे, रेट पुढे उतरेल असं वाटलं तर तो असं करतो, चढेल वाटलं तर आधीच जास्त भरून ठेवतो. रविवार आणि सुट्टीही मोजली जाते, शनिवारी रात्री जो बॅलन्स असेल तोच रविवारीही धरतात, म्हणून सुट्ट्यांच्या आधीचा दिवस फार सांभाळायचा असतो. फरशी मोडली तर त्या दिवसाच्या कमतरतेवर बँक रेट अधिक ३ टक्के दंडव्याज, दुसऱ्या दिवशीही मोडली तर अधिक ५ टक्के. आणि या बॅलन्सवर व्याज शून्य, २००७ मध्ये ते बंद केलंय, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त एक रुपयाही कुणी तिथे ठेवत नाही.

हे सगळं एवढं का सांगितलं, तर रिझर्व्ह मनीचा जो साप्ताहिक आकडा येतो तो सरासरीचा नसतो, त्या एका दिवशी, वर्षानुवर्षं शुक्रवारी, खाती बंद होताना जे होतं ते. समज तो दिवस नेमका अशा बँकांनी पुढे ढकललेलं प्रॉडक्ट भरायच्या दिवसांत आला तर बँकर्स डिपॉझिट्स फुगलेले दिसतील, आधीच्या दिवसांत आला तर सुकलेले, आणि पॉलिसी मात्र तीच. अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेड रोजच्या आकड्यांची सरासरी काढून देते, त्यामुळे तिकडची लाइन गुळगुळीत आणि आपली दातेरी. दोन देशांचे आकडे एकाच ग्राफवर टाकून निष्कर्ष काढणारे लोक हे बघत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. आपल्याकडे सरासरी बघायची असेल तर आरबीआय रोज मनी मार्केट ऑपरेशन्सचं जे प्रेस रिलीज काढते त्यात बँकांचा त्या दिवशीचा कॅश बॅलन्स आणि त्या पंधरवड्याची सरासरी रिक्वायरमेंट दोन्ही शेजारी-शेजारी असतात, ते रोज बघायची सवय लाव, महिनाभरात हा विषय हातात येईल.

आता दुसरा प्रश्न, सीआरआरचा. त्याच बँकेचा सीआरआर ४ वरून ३ केला, ४,००० कोटी लागत होते ते ३,००० झाले, हजार कोटी मोकळे झाले. पुस्तकात लिहितात की बँक हे कर्जाने देते. ठीक आहे, दिलं समज, पालदाच्या एका कारखानदाराला दिलं, त्याने मशीनवाल्याला पैसे पाठवले, मशीनवाल्याचं खातं दुसऱ्या बँकेत, तर ते हजार कोटी त्या दुसऱ्या बँकेच्या आरबीआयमधल्या खात्यात गेले. बँकांच्या एकूण बॅलन्समधून काहीच बाहेर गेलं नाही. एक बँक रिझर्व्ह देऊन टाकू शकते, सगळ्या बँका मिळून लोकांना कर्ज देऊन ते संपवू शकत नाहीत. हे एकदा समजलं की अर्धा विषय संपला.

मग ते बाहेर जातात कसे? मार्ग मोजकेच आहेत. बँकेने आरबीआयकडून रेपोवर (रोखे तारण ठेवून) उसने घेतले होते ते परत केले, किंवा पैसा एसडीएफमध्ये, म्हणजे आरबीआयकडे एका रात्रीसाठी ठेवायच्या सोयीत, ठेवला जिथे रेपोपेक्षा पाव टक्का कमी का होईना पण व्याज मिळतं, किंवा पैसा सरकारच्या खात्यात गेला, किंवा आरबीआयने डॉलर विकून रुपये ओढून घेतले, किंवा सरकारी रोखे विकले. (कॅश काढली तर बॅलन्स कमी होतो पण चलन वाढतं, त्याने बेरजेला फरक नाही.) सीआरआर कापल्यावर पहिल्या दोन गोष्टी लगेच होतात, कारण बिनव्याजी कोण ठेवणार. एसडीएफमधला पैसा सीआरआरसाठी धरत नाहीत, एसएलआरसाठी धरतात, आणि उसने परत केले की ते आरबीआयच्या पुस्तकातूनच पुसले जातात. म्हणजे बँकर्स डिपॉझिट्सची ओळ हजार कोटींनी खाली, आणि चलन तेवढंच, तर रिझर्व्ह मनी हजार कोटींनी खाली. पॉलिसी सैल झाली आणि आकडा आकसला. जून २०२५ मध्ये जाहीर झालेली एक टक्क्याची कपात घे, सप्टेंबर ते नोव्हेंबर चार टप्प्यांत पाव-पाव टक्का करून, साधारण अडीच लाख कोटी रुपये मोकळे करायला, तिथे हेच. सीआरआर वाढवला की उलटं, घट्ट पॉलिसीत रिझर्व्ह मनी जोरात वाढलेला दिसतो.

म्हणून आरबीआय स्वतःच आपल्या लिखाणात दुसरा आकडा देते, सीआरआर बदलाचा फर्स्ट राउंड इम्पॅक्ट काढून टाकलेला रिझर्व्ह मनी. त्यात करतात काय तर दर बदलल्याने एनडीटीएलवर जेवढी रक्कम आपोआप कमी-जास्त झाली तेवढी परत मिळवतात किंवा वजा करतात. त्यामुळे तू जे उलटं बघितलंस ते मूळच्या आकड्यात आहे, सुधारलेला घेतलास तर सरळ होईल. अमेरिकेतही सेंट लुईसची फेड असाच अ‍ॅडजस्टेड मॉनेटरी बेस वर्षानुवर्षं काढायची, २०१९ ला थांबवला. पुढे मार्च २०२० मध्ये तिकडे रिझर्व्ह रिक्वायरमेंटच शून्य केली आणि त्याच वर्षी रिझर्व्हचं वेगळं साप्ताहिक पत्रकही बंद करून आकडे दुसऱ्या पत्रकात हलवले.

एसडीएफवरून एक गोष्ट आठवली, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. बँकेने सेंट्रल बँकेकडे एका रात्रीसाठी व्याजावर ठेवलेला पैसा बेसमध्ये मोजायचा का नाही, यावर जगात एकमत नाही. युरोपची मध्यवर्ती बँक ईसीबी आपल्या डिपॉझिट फॅसिलिटीतला पैसा बेस मनीत धरते. आपण रिव्हर्स रेपो (आरबीआय रोखे देऊन बँकांकडून उसना घेते तो पैसा) धरत नाही, तो आरबीआयने बँकांना दिलेल्या क्रेडिटमधून वजा होतो. फेडचा रिव्हर्स रेपोही बेसच्या बाहेर, आणि २०२२ मध्ये तिथे २ लाख कोटी डॉलरच्या वर पैसा पडून होता, एवढा मोठा आकडा एका व्याख्येमुळे आत किंवा बाहेर होतो. मला विचारशील तर ज्या पैशावर बँक उद्या सकाळी हात ठेवू शकते तो शेजारी लिहूनच वाचला पाहिजे, मग बेसमध्ये धरा किंवा नका धरू.

नोटबंदीच्या वेळी हे सगळं एकदम डोळ्यांसमोर झालं. ८ नोव्हेंबर २०१६ ला घोषणा झाली, त्याच्या आधी जवळपास १८ लाख कोटी चलन होतं, त्यातल्या पाचशे-हजारच्या नोटा १५ लाख कोटींच्या वर. आमच्या चेस्टमध्ये बिन संपले, पेट्या संपल्या, शेवटी खोल्यांमध्ये गोण्या रचल्या, रात्री अकरा-बाराला रिपोर्टिंग व्हायचं. प्रत्येक बंडल दारातून आत गेलं की चलन खाली आणि बँकर्स डिपॉझिट्स वर. जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चलन ९ लाख कोटींच्या आसपास उतरलं. बँकांकडे एवढा पैसा साचला की २६ नोव्हेंबरपासूनच्या पंधरवड्यासाठी आरबीआयने १६ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर या काळात वाढलेल्या एनडीटीएलवर १०० टक्के इन्क्रिमेंटल सीआरआर लावला. त्या पंधरा दिवसांत रिझर्व्ह मनी बघशील तर फारसा धक्का बसलेला दिसणार नाही, कारण चलनात कमी झालं ते बँकर्स डिपॉझिट्समध्ये अडकवून ठेवलं होतं. १० डिसेंबरपासून ते काढलं, पैसा रिव्हर्स रेपोत आणि एमएसएसच्या, म्हणजे जादा पैसा शोषून घ्यायला काढलेल्या सरकारी, बिलांमध्ये गेला, एमएसएसचा पैसा सरकारच्या नावाने आरबीआयमध्येच वेगळा पडून राहतो आणि तो रिझर्व्ह मनीत धरत नाहीत, त्यामुळे आकडा एकदम खाली आला. लोकांच्या खिशात त्या दोन आठवड्यांत काही वेगळं घडलं नव्हतं, रांगा तशाच होत्या. २०२३ मध्ये दोन हजारची नोट मागे घेतल्यावर ऑगस्टमध्ये १० टक्के इन्क्रिमेंटल सीआरआर आला होता, तो ७ ऑक्टोबरपर्यंत टप्प्याटप्प्याने काढला, त्यावेळचे आकडेही असेच वाच.

सरकारच्या खात्याचं जरा नीट बघ कारण दर महिन्याला दिसणारी गोष्ट आहे. आरबीआयमधला सरकारचा बॅलन्स रिझर्व्ह मनीत नसतो. २० तारखेला कपडा मार्केटच्या व्यापाऱ्याने जीएसटी भरला की त्याच्या खात्यातून ठेव गेली, बँकेच्या आरबीआय खात्यातून तेवढा बॅलन्स गेला आणि सरकारच्या खात्यात बसला. रिझर्व्ह मनी घटला. १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्चला अ‍ॅडव्हान्स टॅक्सचं हेच मोठ्या प्रमाणावर होतं आणि कॉल रेट चढतो. मग पगार, पेन्शन झाली, राज्य सरकारने लाडली बहनाचे पैसे खात्यात टाकले की तो पैसा परत बँकांकडे येतो आणि रिझर्व्ह मनी वाढतो. आरबीआय सरकारला दरवर्षी जो सरप्लस देते तोही असाच, २०२४-२५ चा २.६९ लाख कोटी होता, पेपरात लगेच छापून आलं की सिस्टीममध्ये एवढा पैसा आला, तर नाही, ज्या दिवशी ट्रान्सफर झाला त्या दिवशी तो आरबीआयच्या एका खात्यातून निघून आरबीआयमधल्याच सरकारच्या खात्यात गेला, बँकांकडे एक रुपया गेला नाही. सरकार खर्च करेल तेव्हा जाईल.

रिझर्व्ह मनी सोर्सेसच्या बाजूने, म्हणजे तो आला कुठून असा, मोजणं म्हणजे हेच दुसऱ्या टोकाकडून: सरकारला नेट क्रेडिट, बँकांना आणि कमर्शियल सेक्टरला क्रेडिट, परकीय चलनाची मालमत्ता, सरकारचं स्वतःचं चलन, म्हणजे नाणी आणि एक रुपयाची नोट, आणि यातून आरबीआयची नेट नॉन-मॉनेटरी लायबिलिटी (भांडवल, राखीव निधी वगैरे) वजा. इथे एकच खड्डा दाखवतो. सोन्याचा भाव वाढला किंवा रुपया पडला की परकीय मालमत्तेचा रुपयातला आकडा वाढतो, बघणाऱ्याला वाटतं आरबीआयने डॉलर घेतले आणि रुपये सोडले. तसं काही नसतं, ती वाढ रिव्हॅल्युएशन अकाउंटमध्ये जाते, तो नॉन-मॉनेटरी लायबिलिटीत येतो आणि वजा होऊन जातो. म्हणून व्हॅल्युएशन काढून टाकलेला बदल बघायचा.

आपल्याकडे रिझर्व्ह मनीचा पाऊण हिश्श्याहून जास्त भाग चलनच आहे, बँकांचा बॅलन्स त्यामानाने लहान, त्यामुळे सीझनचं चक्र आकड्यात स्पष्ट दिसतं. माळव्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरला सोयाबीन मंडीत यायला लागलं की आमच्या चेस्टमधून रोजची उचल वाढायची, छावणी आणि लक्ष्मीबाई नगर मंडीचे अडते तुलाई झाली की शेतकऱ्याला कॅश मोजून द्यायचे, त्यात दिवाळी, लग्नं. एप्रिल-मेमध्ये गव्हाचं तेच. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, नोटा परत यायच्या, मळक्या, ओल्या, शेतातल्या मातीचा वास असलेल्या, सॉर्टिंग मशीन दर तासाला पुसावं लागायचं. देशभराच्या आकड्यातही दरवर्षी हाच चढ-उतार आहे. म्हणून ऑक्टोबरची तुलना जुलैशी करू नकोस, मागच्या ऑक्टोबरशी कर, आणि दिवाळी कोणत्या महिन्यात होती तेही बघ.

परीक्षेसाठी अजून एक. मनी मल्टिप्लायर म्हणजे एम थ्री भागिले रिझर्व्ह मनी. सीआरआर कापला की खालचा आकडा छोटा होतो आणि मल्टिप्लायर लगेच त्या आठवड्यात वाढलेला दिसतो, बँकांनी अजून एकही नवं कर्ज दिलेलं नसलं तरी. उत्तरात "मल्टिप्लायर वाढला म्हणजे क्रेडिट वाढलं" असं लिहू नकोस, आधी त्या पंधरवड्यात सीआरआर, इन्क्रिमेंटल सीआरआर किंवा पंधरवड्याची तारीख बदललीय का ते बघ. आणि शक्य असेल तर या शुक्रवारचा तक्ता प्रिंट काढून घरी ये, पेन्सिल घेऊन एकेक ओळ बसून करू, काकूही म्हणत होती की तू बरेच दिवसांत आली नाहीस.